नव्या वर्षाचा फाया

वर्ष बदलले की माणसाला स्वतःलाही थोडे बदलून पाहावेसे वाटते. पहाटे उठणे, रोज तासभर चालणे, अर्धवट राहिलेला अभ्यास पुन्हा हाती घेणे, घरखर्चाची वही नियमाने लिहिणे, तंबाखू सोडणे, रागाला आवर घालणे. या यादीत गेल्या कित्येक पिढ्यांत फारसा फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो संकल्पाच्या साहित्यात. चालण्याच्या संकल्पासाठी नवे बूट आले, अभ्यासाच्या संकल्पासाठी सुबक टिपणवह्या आल्या आणि अलीकडे प्रत्येक संकल्पाला शोभेल असा एक सुगंधही बाजारात मांडून ठेवलेला असतो. आत्मविश्वासाची एक बाटली, यशाची दुसरी, मनःशांतीची तिसरी. डिसेंबरअखेरच्या जाहिराती पाहिल्या, तर चारित्र्य ही मनगटावर फवारण्याची वस्तू आहे असे कोणालाही वाटावे.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. एक वर्ग श्रद्धेने बाटली विकत घेतो. दुसरा वर्ग हे सारे श्रीमंतांचे चोचले म्हणून हसून सोडून देतो. दोघांच्याही हातून एक उपयोगाची गोष्ट निसटते. सुगंधात यश नसते, धैर्य नसते आणि शिस्त तर मुळीच नसते. तथापि, आठवण धरून ठेवण्याची त्याची शक्ती विलक्षण आहे, आणि बहुतेक संकल्प दुष्टबुद्धीने मोडत नाहीत, ते विस्मरणाने मोडतात. तेव्हा गंधाकडे वचन मागण्याऐवजी त्याला एखादे छोटे, नेमके काम सोपवले, तर तो ते काम चोख करतो. ते कसे सोपवावे, एवढाच काय तो प्रश्न आहे.

याचे उत्तर मराठी घरात फार पूर्वीपासून तयार आहे. दिवाळीचे उटणे आठवावे. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, चंदन, संत्र्याची वाळलेली साल, गुलाबाच्या पाकळ्या. यांतली बहुतेक द्रव्ये वर्षभर कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात आणि त्यांत दुर्मीळ असे काही नाही. तरीही उटण्याचे पुडके उघडताच पहाटेचा अंधार, तेलाची वाटी, पाटाभोवतीची रांगोळी, बंबाचा धूर आणि अंगणातला पहिला फटाका हे सारे एका क्षणात उभे राहते. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्लीला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तर उटण्याचे ते पुडकेच दिवाळी घेऊन येते. मग बाहेरची भाषा कोणतीही असो. हे सामर्थ्य नागरमोथ्यात नाही. उटणे वर्षातून दोन-चार पहाटांनाच अंगाला लागते आणि एरवी त्याचा वास घरात कोठेही नसतो, या साध्या व्यवस्थेत ते आहे. तेच उटणे रोज साबणाप्रमाणे वापरले असते, तर त्याला दिवाळीची आठवण कधीच राहिली नसती.

परंपरेने जे अनुभवाने साधले, त्याचा शोध आधुनिक शास्त्रानेही घेतला आहे. गंध ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकी संशोधकांनी १९९१ साली शोधून काढली आणि त्या कार्यासाठी त्यांना २००४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी आणि श्रवण यांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र त्या ठाण्यावर न थांबता भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांपर्यंत पोहोचतात. एखादा वास ओळखू येण्याआधीच मन भरून येते किंवा मळमळते, त्याचे कारण बहुधा या जवळच्या वाटेत असावे.

याहून अधिक बोलका आहे तो २००७ साली प्रसिद्ध झालेला एक जर्मन प्रयोग. ब्यॉर्न राश, यान बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुणांना संध्याकाळी पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करायला लावल्या आणि त्या वेळी त्यांना गुलाबाचा वास दिला. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला गेला. सकाळी त्यांना पत्त्यांच्या जागा अधिक चांगल्या आठवल्या. यातला खरा धडा पुढे आहे. ज्यांना पाठांतराच्या वेळी गुलाब दिलेला नव्हता, त्यांना झोपेतल्या गुलाबाचा काहीही लाभ झाला नाही. म्हणजे गुलाब बुद्धिवर्धक नव्हता. तो संध्याकाळच्या कामाशी बांधला गेला होता, आणि ती गाठ पडली होती म्हणूनच तो उपयोगी पडला. त्यापूर्वी १९९० साली फ्रँक शॅब यांनी विद्यार्थ्यांवर चॉकलेटच्या वासाचा असाच प्रयोग केला होता. शब्द ऐकताना आणि दुसऱ्या दिवशी ते आठवताना तोच वास असेल, तर अधिक शब्द आठवत होते. प्रयोगशाळेतील निष्कर्ष जसेच्या तसे घरात लागू होतात असे मानण्याचे कारण नाही. परंतु ‘हा सुगंध एकाग्रता वाढवतो’ असे बाटलीवर छापण्यापेक्षा हे निष्कर्ष पुष्कळ विनम्र आणि पुष्कळ अधिक विश्वासार्ह आहेत. सुगंधोपचाराला सध्याचे नाव रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या १९३७ च्या पुस्तकाने मिळाले. त्या नावाखाली पुढे जेवढे दावे केले गेले, त्यांतील फार थोडे कसोटीला उतरले आहेत.

आपल्याकडच्या दर्शनकारांना ही गाठ ठाऊक होती असे म्हटले, तर ती केवळ अभिमानाची भाषा ठरू नये. ‘वासना’ हा शब्द आज मराठीत बदनाम झाला आहे. पण योग आणि बौद्ध दर्शनांत त्याचा अर्थ पूर्वकृत्यांनी मनावर मागे ठेवलेला ठसा असा आहे, आणि हा अर्थ समजावून सांगताना वापरला जाणारा दृष्टांत सुगंधाचा आहे. तीळ आणि फुले यांचे थर एकावर एक रचून ठेवले, तर तिळांना फुलांचा वास लागतो. एका रात्रीत लागतो तो पुसट असतो. फुले पुनःपुन्हा बदलावी लागतात, तेव्हा कोठे त्या तिळांचे तेल सुवासिक निघते. केसांना लावायची मोगरा-चमेलीची पारंपरिक तेले याच रीतीने तयार होत असत. सवय जडणे म्हणजे काय, याचे एवढे घरगुती वर्णन दुसरीकडे क्वचितच आढळेल. नव्या वर्षाचे संकल्प पहिल्या रात्रीच्या फुलांवरच तेल काढायला बसतात, हे त्यांचे दुखणे.

आता व्यवहाराकडे. संकल्पासाठी सुगंध निवडणाऱ्याने पहिला प्रश्न ‘कोणता?’ हा न विचारता ‘केव्हा?’ हा विचारावा. समजा, एखाद्या गृहिणीने रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे घरखर्च लिहिण्याचे ठरवले आहे. तिने वहीजवळच अत्तराची एक छोटी कुपी ठेवावी, वही उघडताना मनगटाला एक थेंब लावावा, आणि दिवसभरात इतर कोणत्याही वेळी, अगदी लग्नसमारंभातही, ते अत्तर वापरू नये. पंधरा-वीस दिवसांनी त्या वासाला वहीचा आणि वहीला त्या वासाचा संदर्भ चिकटतो. हे करताना लागणारी शिस्त अत्तर पुरवत नाही. ती तिलाच पुरवावी लागते. अत्तर एवढेच करते की, पुढे एखाद्या कंटाळवाण्या रात्री हात कुपीकडे गेला की मन वहीपर्यंत आपोआप पोहोचते.

याउलट, सकाळी लावून रात्रीपर्यंत दरवळणारा सुगंध कोणत्याही संकल्पाच्या कामाचा नाही. नाक ही लवकर सरावणारी इंद्रियशक्ती आहे. सतत येणारा वास काही मिनिटांतच जाणवेनासा होतो; स्वतःच्या घराचा वास घरच्यांना येत नाही आणि पाहुण्यांना दारातच येतो, तो यामुळेच. दिवसभर टिकणाऱ्या सुगंधाची किंमत जो मोजतो, तो बहुतांशी इतरांच्या नाकांसाठी पैसे मोजत असतो. समारंभापुरते ते योग्यच आहे. परंतु स्वतःला आठवण करून देण्यासाठी घेतलेला सुगंध हलका, लवकर विरणारा आणि थोड्या वेळापुरता असणे हिताचे. या बाबतीत अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल याची पद्धत गमतीची होती. एक सुगंध तीन महिने वापरायचा आणि मग कितीही आवडत असला तरी तो सोडून द्यायचा, म्हणजे पुढे कधीही ती बाटली हुंगली की तेच तीन महिने आठवावेत, असा त्याचा नेम होता. १९७५ च्या आपल्या पुस्तकात त्याने तो नोंदवून ठेवला आहे. विक्षिप्तपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसाच्या या नेमात शहाणपण भरपूर आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. गंध हा निःपक्षपाती साक्षीदार असतो. अभ्यासासाठी म्हणून केवडा लावून जो विद्यार्थी रोज तासभर मोबाइल पाहत बसतो, त्याच्या मनात केवड्याची गाठ मोबाइलशी बसते, आणि पुढे खरोखर अभ्यासाला बसल्यावर तोच केवडा त्याला विचलित करू लागतो. परीक्षेच्या भीतीत वापरलेला सुगंध भीतीचा होतो. म्हणून ज्या दिवशी काम होणार नाही हे निश्चित आहे, त्या दिवशी कुपी उघडूच नये. तसेच, आधीच आठवणींनी भरलेला वास संकल्पाच्या कामाला जुंपू नये. आईच्या लुगड्यांच्या पेटीतला वाळा किंवा वडिलांच्या कोटाला येणारा हिना ज्याच्या घरात जपून ठेवलेला आहे, त्याने तो पहाटे उठण्याच्या गजरासाठी खर्च करणे म्हणजे घरातली जुनी मोहोर मोडून भाजी आणण्यासारखे आहे. तो वास एकदा नव्या सवयीत मिसळला की आईचा राहत नाही.

निवडीच्या विपुलतेने गोंधळून जाणे हा आजच्याच ग्राहकाचा अनुभव आहे असे नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार द्रव्ये निवडण्याचे प्रकार किती, याचा हिशेब मांडला. तो १,८२० भरतो. द्रव्यांची प्रमाणे बदलत गेल्यास संख्या लाखाच्या पलीकडे जाते. त्याला हा सुगंधाचा समुद्र वाटला, यात नवल नाही. मराठीतही या विद्येची परंपरा होती. ‘गंधवाद’ नावाच्या दुर्मीळ हस्तलिखिताला मराठी टीका जोडलेली आहे आणि ती सुमारे १३५० ते १५५० या काळातील असावी, असे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. अत्तर म्हणजे परकी चैन, असे मानणाऱ्या सोवळ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

या समुद्रातून वाट काढण्याचा जुना मार्ग ऋतूचा आहे, आणि तो आजही सर्वांत सोपा आहे. चरकसंहितेने हेमंतात अगुरूचा आणि ग्रीष्मात चंदनाचा लेप सांगितला आहे. अत्तराच्या पेठेतही हाच क्रम चालतो. थंडीत हिना, शमामा, ऊद, अंबर, केशर. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब, केवडा. पावसाळ्याच्या तोंडावर मातीचे अत्तर. जानेवारीच्या संकल्पाला त्यामुळे हिना किंवा सौम्य ऊद चांगला. पहाटे फिरायला जाणाऱ्याला जड वास नकोसा वाटत असेल, तर लिंबूवर्गीय काही घ्यावे. मात्र अशी काही तेले त्वचेवर असताना ऊन लागले तर डाग पडू शकतात, म्हणून ती रुमालावर घेणे बरे. अभ्यासाला गुलाब घ्यायला हरकत नाही. त्या जर्मन प्रयोगात गुलाब होता म्हणून नव्हे, तर तो सहज मिळतो आणि बहुतेकांना आवडतो म्हणून. निजण्याआधी वाचन करण्याचा ज्याचा संकल्प आहे, त्याला वाळ्यासारखा दुसरा सोबती नाही. राग आवरण्यासाठी कोणता सुगंध, असा प्रश्न काही जण विचारतात. राग येतो तेव्हा कुपी जवळ नसते, एवढेच त्याचे उत्तर.

तंबाखू किंवा धूम्रपान सोडण्याचा संकल्प मात्र या सर्वांहून वेगळा आहे. धूम्रपानाने गंधज्ञान मंदावते आणि ते सोडल्यावर पुष्कळांच्या बाबतीत ते हळूहळू सुधारते. तेव्हा अशा माणसाने पहिल्या दिवशी एक चांगले अत्तर घ्यावे, ते हुंगून पाहावे आणि ठेवून द्यावे; दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा हुंगावे. आधी न जाणवलेला एखादा पदर जर नव्याने कळू लागला, तर त्याच्या निग्रहाला दुसरे प्रशस्तिपत्र नको.

गंधज्ञान गेल्यावर काय होते, हे २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या वर्षांत घरोघरी कळले. फोडणीचा वास येईना, जळलेले दूध कळेना, तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास येईना. त्या काळात अनेकांना डॉक्टरांनी एक विलक्षण व्यायाम सांगितला. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलेल्या या पद्धतीत गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगायचे असतात. सर्वांना गुण आला असे नाही. पण ज्यांना आला, त्यांनी तो दररोजच्या दोन बैठकांनी मिळवला. संकल्प आणि सुगंध यांचे इतके शुद्ध मीलन अन्यत्र दिसत नाही, कारण तेथे वास येत नसतानाही हुंगण्याचा नेम चालू ठेवावा लागत होता.

राहिला खरेदीचा भाग. येथे थोडी सावधगिरी आणि थोडी माहिती दोन्ही हवीत. उत्तर प्रदेशातील कन्नौज हे गंगाकाठचे गाव अत्तराची राजधानी मानले जाते आणि तेथील अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तेथील पारंपरिक रीत देग-भपक्याची. तांब्याच्या मोठ्या देगेत पाणी आणि फुले घालून झाकण ओल्या मातीने लिंपायचे, खाली लाकूड-गोवरीचा जाळ करायचा, आणि बांबूच्या नळीतून येणारी सुवासिक वाफ शेजारच्या हौदात थंड होत असलेल्या भपक्यात उतरवायची. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. ते वास धरून ठेवते. दिवस संपला की खाली साठलेले पाणी काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर नवी फुले. असे कित्येक दिवस चालते. तिळांच्या दृष्टांताचीच ही धातूतली आवृत्ती. मराठीत भपका म्हणजे वरवरचा थाट. कन्नौजच्या भपक्यात मात्र दिखाऊ असे काही नाही, तो बिचारा दिवसभर गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला असतो.

या कारखान्यांत भाजलेल्या मातीचेही अत्तर निघते. पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली दिले, आणि भारतात हा वास चंदनतेलात धरून ठेवण्याचा उद्योग आधीपासून आहे, हेही त्यांनी नोंदवले होते.

प्रश्न आहे तो चंदनाचा. झाडे घटली, तेल अतोनात महागले, आणि स्वस्त अत्तरात चंदनाची जागा द्रवरूप पॅराफिन किंवा तत्सम रसायनाने घेतली. ग्राहकाने म्हणून दुकानात एवढेच विचारावे की, आधार कशाचा आहे? मुंबईच्या मोहम्मद अली रस्त्यावर असो, दिल्लीच्या चांदणी चौकात असो की हैदराबादेत चारमिनारजवळ, जाणता अत्तरवाला या प्रश्नाने रागावत नाही. उलट गिऱ्हाईक ऐरेगैरे नाही हे ओळखून आतल्या फळीवरची कुपी काढतो. ‘रूह’ आणि ‘अत्तर’ यांतला फरकही माहीत असावा. रूह म्हणजे चंदनावर न उतरवलेला निव्वळ अर्क. गुलाबाच्या एक किलो अर्कासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. तेव्हा कोणी शंभर रुपयांत गुलाबाची रूह देऊ लागला, तर त्या कुपीत गुलाब नाही आणि रूहही नाही, हे उघड आहे. परदेशी धाटणीच्या बाटल्यांवर ओ द पार्फम, ओ द त्वालेत, कोलोन असे शब्द असतात. ते मद्यार्कात सुगंधी तेल किती मिसळले आहे याची उतरती भाजणी दाखवतात, गुणवत्ता दाखवत नाहीत. वर सांगितलेल्या कामासाठी यातले शेवटचे, म्हणजे सर्वांत स्वस्त, पुष्कळदा अधिक सोयीचे ठरते.

दुकानात एका वेळी तीन-चारच्या वर वास घेऊ नयेत. पुढे नाक खोटे बोलू लागते. आवडलेला वास मनगटावर लावून बाहेर पडावे, अर्धा तास बाजारात इतर कामे करावीत आणि मग निर्णय घ्यावा, कारण पहिल्या क्षणी मोहवणारा वास उडून गेल्यावर मागे उरतो त्याच्याशी खरा संसार असतो. अत्तर अजूनही तोळ्याच्या मापाने विकले जाते, पण संकल्पाला तोळा लागत नाही. तीन मिलिलिटरची कुपी पुरे. नव्या वर्षाच्या उत्साहात महागडी बाटली हप्त्यांवर घेणे आणि त्याच वर्षी काटकसरीचा संकल्प करणे, हा विनोद पुष्कळ घरांत घडतो. बाटली फेब्रुवारीत कपाटात जाते आणि हप्ते जूनपर्यंत चालू राहतात.

सुगंध हवेतून पसरतो आणि हवा सर्वांची असते. दम्याचे किंवा अर्धशिशीचे रुग्ण, लहान मुले, रुग्णालयातील खोल्या, बंद खिडक्यांची बस, कार्यालयातील वातानुकूलित दालन, येथे कोणाच्याही संकल्पाचा दरवळ जाऊ नये. यासाठी जुनी फायाची रीत उत्तम. कापसाच्या बोंडाएवढ्या फायावर एक थेंब घेऊन तो कानाच्या वळणात ठेवला की वास ज्याचा त्याला येतो, शेजाऱ्याला सहसा येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात हाताच्या पाठीवर लावतात तेवढे बोटभर अत्तरही प्रमाणात असते. त्या बोटभर वासाने सुवासिनींना कित्येक तास ते घर आठवत राहते, आणि कोणाचे डोके दुखल्याचे ऐकिवात नाही.

तीन मिलिलिटरच्या कुपीत साधारण साठ ते नव्वद थेंब असतात. १ जानेवारीला उघडलेली कुपी रोज एका थेंबाने वापरली, तर गुढीपाडव्याच्या आसपास संपायला हवी. तिच्यातली पातळी हा संकल्पाचा खातेउतारा समजावा. तो कोणाला दाखवायचा नसतो आणि त्यात खाडाखोडही करता येत नाही. मार्चच्या मध्याला कुपी निम्मी भरलेली दिसली, तर निम्मे दिवस चुकले एवढाच त्याचा अर्थ; उरलेले थेंब कोठे जात नाहीत, अत्तर मुरते आणि बहुधा सुधारतेच. हिना मात्र तोवर अंगाला उष्ण वाटू लागलेला असतो. बूच घट्ट लावून तो पुढच्या हेमंतासाठी ठेवून द्यावा आणि वाळ्याची कुपी काढावी. अस्सल वाळ्याचा अर्क तांब्याच्या देगेमुळे किंचित हिरवट दिसतो. घेताना ती उजेडात धरून पाहावी.